दारावरचा निंब

(वर्धा तहसिलातलं, आंजीच्या अलीकडचं एक गाव. सन चौपन्न, वैशाखातली सकाळ. शाळेला सुट्टी लागलेली. ओसरीवर श्रीधर मास्तर सरकारी कागद पुढे घेऊन बसले आहेत आणि रुख्माबाई पायरीखाली उन्हात उभी आहे. वर या म्हटलं तरी यायला तयार नाही.)

रुख्माबाई : नाई, मी इथूनच बोलतो. कैद किती दिवसाची असते, तेवढं सांगा मले.

मास्तर : कसली कैद? अहो, सकाळी सकाळी काय विचारताय हे?

रुख्माबाई : तुमच्यापुढं कागद आहे थो त्या कायद्याचाच नं? होळीच्या वक्ती चावडीवर वाचला थो? रोगराईचा?

मास्तर : त्याचंच उत्तर आहे. गावाच्या नावानं जायचंय. किसनराव पाटील येऊन सही करतील आणि दुपारी तानबा कोतवाल वर्ध्याला पोचता करील. त्यात कैदेचा काय संबंध?

रुख्माबाई : कसा नाई? घरात असा रोग निंगाला तं एका दिवसात ठान्यावर खबर द्या. जो लपवन त्याले कैद. मले पाठ आहे. तुमी दोनदा वाचलं होतं ते.

मास्तर : वाचलं होतं.

रुख्माबाई : मंग कळवा ठान्यावर. लपवनारी इथं उभी आहे.

मास्तर : काय लपवलंत तुम्ही?

रुख्माबाई : चिंधीले देवी निंगाल्या होत्या.

मास्तर : चिंधीला? तुमच्या नातीला? अहो, तिचे तर डोळे आले होते. तुम्हीच सांगितलंत, डोळे आले आणि त्यातच एक गेला.

रुख्माबाई : मी सांगतलं अन् तुमी मानलं. अख्ख्या गावानं मानलं. आठ दिवसांत डोळा जाते का, मास्तर, डोळे आल्यानं? दीड महिना झाला, पोट्टी दाराबाहेर नाई आनली मी. तोंडाची चाळनी झाली तिच्या. कोनीबी पाह्यलं असतं तं वळखलं असतं.

मास्तर : बरं, तुम्ही आधी वर या पाहू. ऊन तापलंय.

रुख्माबाई : देवीची पाठवनी नाई झाली माह्या घरची. दहीभात नाई, खन-नारळ नाई. लपवून ठेवलेल्या पावनीची पाठवनी कशी करू? तवर मी कोनाची पायरी चढत नाई.

मास्तर : असं पाहा रुख्माबाई, पोर वाचली ना? डोळा गेला, फार वाईट झालं. पण जीव राहिला. आता हे उकरून काढून कुणाचं भलं होणार? मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.

रुख्माबाई : नलू नाई वाचली.

मास्तर : नलूचं निराळं. पाटलांची सून होळीला माहेरी गेली होती, पुलगावला. तिथं गिरणीची वस्ती, कुठकुठची माणसं राहतात. तिथूनच घेऊन आली ती. सगळं गाव हेच म्हणतं.

रुख्माबाई : गाव म्हनते, कारन मी बोलली नाई. आता आयकता का?

मास्तर : सांगा.

रुख्माबाई : सून बाळंतपनाले तिच्या मायच्या घरी गेलती. लेक रातंदिस खळ्यावर. घरात मी अन् चिंधी. होळीच्या आठव्या दिवशी तिले ताप भरला, तिसऱ्या दिवशी कपाळावर दाने. मी वळखलं. सासूनं शिकवलं होतं तसं सगळं केलं. निंबाचा डगळा आनला, दारावर बांधला. दारावर निंब दिसला की लोक समजते. मागनारा पुढच्या घरी जाते, पोट्टे पलीकडून पळते, पोटुशी बाई तं त्या आंगाले पाहातबी नाई. कोनाले सांगा नाई लागत.

मास्तर : पण मी तुमच्या दारावर निंब पाहिला नाही.

रुख्माबाई : घडीभर होता. बांधला अन् तुमचं वाचन आठोलं. निंब म्हनजे खबरच नं. तानबा पाह्यन, ठान्यावर सांगन, गाडी येईन अन् पोट्टीले नेतीन. तुमी वाचलं होतं, बिमाराले गावाबाहेर मांडवात ठेवा, त्याचं अंथरून, कथऱ्या जाळा. माह्या मायले हिंगनघाटले पलेगच्या झोपड्यात नेलं होतं, मास्तर. मी चिंधीएवढीच होती. गाडीत बसली अन् मले म्हने, भाकर झाकून ठेवजो. थे परत नाई आली. कई मेली, कोनी जाळली का पुरली, तेबी कोनी येऊन सांगतलं नाई.

मास्तर : तेव्हाचे दिवस वेगळे होते. इंग्रजांचं राज्य होतं.

रुख्माबाई : कागद तसाच होता. मी निंब काढला अन् चुलीत घातला.

मास्तर : समजलं मला.

रुख्माबाई : नाई समजलं अजून. देवी असन त्या घरी फोडनी नाई देत. तेल नाई तापवत, लसून नाई सोलत. चार दिवस चुलीचा वास नाई आला तं भिंतीपलीकडं पाटलाच्या घरी समजते. म्हनून पाचव्या दिवशी वरनाले फोडनी देल्ली मी. लसनाची, चांगली चरचरीत. वास पलीकडं जावा म्हनून मुद्दाम देल्ली. देवी घरात बसून, अन् मी फोडनी देऊन राह्यली.

मास्तर : आणि?

रुख्माबाई : वास गेला. नलू वाटी घेऊन आली.

मास्तर : अरे देवा.

रुख्माबाई : सातवा महिना तिले. दारात उभी राहून हासली. म्हने, मोठीमाय, तुमच्या फोडनीनं जीव गेला माह्या, घोटभर वरन द्या. पोटुशीनं तोंडानं मागतलं, नाई कसं म्हनू? अन् काय सांगून नाई म्हनू? मी म्हनलं, इथीच थांब, आनून देतो. तेवढ्यात आतून चिंधी रडली. नलूचा लय जीव होता तिच्यावर. काय झालं व माय, म्हनत गेलीच आत. मांडीवर घेतलं तिले. पदरानं तोंड पुसलं.

मास्तर : आणि तुम्ही?

रुख्माबाई : मी वाटीत वरन वाढून राह्यली होती.

मास्तर : तिला दिसलं नाही काही?

रुख्माबाई : खिडकी लावून ठेवली होती मी. म्हनलं, ऊन लागलं पोट्टीले, घामोळ्या आहे. तिनं मानलं. बाराव्या दिवशी तिले ताप भरला. दाने अंगावर आलेच नाई, आतल्या आत राह्यले. सगळी काळीनिळी पडली. सा दिवसांत गेली, पोटातलं घेऊन गेली. पाटलाच्या दारावर तवा निंब होता, मास्तर. मी आंगनात बसून त्याच्याकडं पाहात राहो. मले वाटे, आता जाऊन सांगतो. आता सांगतो. दिवस बुडे अन् मी उठून घरात जाओ.

मास्तर : तुम्ही एकट्यानं कसं सोसलंत हे?

रुख्माबाई : सोसलं कुठं? सोसलं असतं तं इथं आली नसती. पाठवा मले. नागपूरले पाठवा, जबलपूरले पाठवा. तिथं कोनी चिंधीसारखं विचारनार नाई, नलूकाकी काऊन नाई येत म्हनून.

मास्तर : तुम्हाला कैदेत कुणी घालू शकत नाही.

रुख्माबाई : काऊन? बाई आहे म्हनून? म्हातारी आहे म्हनून?

मास्तर : तसा कायदाच नाही म्हणून.

रुख्माबाई : तुमी वाचला नं.

मास्तर : मी वाचला तो मसुदा होता. कच्चा कागद म्हणा. आरोग्याचे जुने कायदे बदलून नवा करायचा सरकारचा विचार आहे. तो करावा की नाही, केला तर कसा करावा, हे लोकांना विचारायला पाठवला होता. नागपूरला निवडून दिलेली माणसं बसतील, त्यावर बोलतील, मग झाला तर होईल. यंदा होईल, पुढच्या साली होईल. कदाचित व्हायचाही नाही.

रुख्माबाई : म्हनजे होळीले नव्हता?

मास्तर : नव्हता.

रुख्माबाई : अन् आज?

मास्तर : आजही नाही.

रुख्माबाई : मंग मी निंब कायले काढला?

मास्तर : रुख्माबाई, बसा तरी. पाणी आणतो.

रुख्माबाई : मी तुमाले इचारून राह्यली, मास्तर.

मास्तर : कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की हा नुसता मसुदा आहे, लोकांनी आपलं मत कळवावं. ती ओळ मी वाचली नाही.

रुख्माबाई : दिसली नाई?

मास्तर : दिसली. मुद्दाम सोडली. दोन वर्षांमागं पहिलीतली दोन मुलं देवीनं गेली माझी. माझ्या हातानं त्यांची नावं पटावरून काढली. देवी टोचणारा आला की बाया पोरं कापसाच्या गंजीत लपवायच्या. मी दारोदार फिरलो, पाया पडलो लोकांच्या. कुणी ऐकेना. म्हटलं, कायदा झाला म्हणावं, मग ऐकतील. आणि ऐकलंच! दुसऱ्या आठवड्यात टोचणारा आला तेव्हा एकसष्ट मुलं रांगेत उभी होती. एकसष्ट! मागच्या पाच वर्षांत मिळून तेवढी टोचली नव्हती या गावात.

रुख्माबाई : थो आला त्या दिवशी चिंधी आत पडून होती. मी सांगतलं, मायसंगं गेली.

मास्तर : मला माहीत नव्हतं.

रुख्माबाई : तुमाले कसं माहीत होईन? निंब नव्हता.

किसनराव : काय मास्तर, झालं का लिवून? अन् वयनी, तुमी अशा उन्हात काऊन उभ्या?

मास्तर : या पाटील. थोडं राहिलंय.

किसनराव : वाचून दाखवा नं मंग, सही करून मोकळा होतो. डोकं ठिकानावर नाई आज. सकाळीच थो वासुदेवराव आलता.

मास्तर : नलूचे वडील?

किसनराव : कोन तं! पयल्या गाडीनं वर्ध्याले आला अन् तिथून पायी. तिसरी खेप त्याची. लीलासाठी फराक आनला होता. शिवेवरूनच परतवला मी. म्हनलं, पोरीच्या हातानं रोग धाडला, आता नातीले फराक धाडता का? तोंड नको दाखवजो पुन्हा.

मास्तर : काय म्हणाले ते?

किसनराव : फराक शिवेच्या धुऱ्यावरच्या बाभळीले टांगला अन् गेला. अजून तिथंच आहे.

रुख्माबाई : भाऊजी, नलूनं पुलगावाहून काई आनलं नव्हतं. माह्या घरून नेलं तिनं.

किसनराव : काय नेलं?

रुख्माबाई : चिंधीले देवी होत्या. मी दारावरचा निंब काढून टाकला होता. फोडनीच्या वासानं नलू वाटी घेऊन आली. तिनं चिंधीले मांडीवर घेतलं.

किसनराव : कोनती फोडनी?

रुख्माबाई : लसनाची. वरनाले देल्ली होती.

किसनराव : त्या दिवशी मी ओसरीवरच बसून होतो. वास आला अन् सुनेचं तोंड पाह्यलं मी. मागाले लाजून राह्यली होती. मीच म्हनलं, जा नं पोरी, पोटुशीनं लाजू नाई. वयनी काय परकी आहे का? वाटी घे अन् जा. मीच धाडली तिले.

रुख्माबाई : भाऊजी, तुमी काय म्हनून...

किसनराव : थांबा वयनी. जरासं बोलू नका.

मास्तर : पाटील, पाणी घ्या.

किसनराव : नको. वयनी, तुमी दारातच हटकलं असतं तिले. एक शब्द. नुसता हात आडवा केला असता.

रुख्माबाई : नाई केला.

किसनराव : तीस वर्सं एका भिंतीच्या दोन आंगाले आहो आपन. माह्या लेकाची नाळ तुमी कापली.

रुख्माबाई : हो.

किसनराव : शिव्या देऊ म्हनतो तं तोंडात येत नाई. तुमी भेवानं केलं. अन् काऊन नाई भेनार? पोट्टीले वढून नेतीन, वरून कैद! असा कायदा करून ठेवला सरकारनं की मानूस दाराले पाला बांधाले भेते. मास्तर, लिवा हेच. गावाचं मत पाह्यजे नं त्याइले? लिवा, तुमच्या कायद्यानं माही सून खाल्ली. घ्या, मी सही करतो. आना टाक.

मास्तर : पाटील...

किसनराव : लिवा नं! वयनी, तुमी सांगा. कायद्यानंच झालं नं हे सगळं?

रुख्माबाई : मले नका इचारू, भाऊजी. मी माह्यं सांगतलं.

मास्तर : तसं लिहिता यायचं नाही.

किसनराव : नोकरी जाईन म्हनून?

मास्तर : नोकरीचं नाही. रुख्माबाई बोलत नाहीत, म्हणून मलाच बोललं पाहिजे. आत्ता या घडीपर्यंत गप्प बसावंसं वाटत होतं मला, खोटं कशाला सांगू? कायदा झालेलाच नाही, पाटील. तो मसुदा होता, लोकांचं मत विचारायला आलेला. तसं स्वच्छ लिहिलं होतं वरती. मी चावडीवर तेवढंच वगळलं. गाव भ्यावं म्हणून वगळलं.

किसनराव : मी तुमच्या बाजूलेच बसून होतो.

मास्तर : हो.

किसनराव : मले वाचता येते. कागद मागतला असता तं तुमी देल्ला असता. पन म्हनलं, मास्तर वाचून राह्यले, आपन काय पाहाचं?

मास्तर : त्यामुळे एकसष्ट मुलं टोचून झाली. हे मी रोज मनाशी म्हणतो. नलू गेली त्या दिवशीही म्हटलं. आणि तिनं पुलगावहून आणलं असं लोक म्हणाले ना, तेव्हा मला बरं वाटलं, पाटील. सुटल्यासारखं वाटलं. हे कुणापुढं बोललो नव्हतो.

किसनराव : माही लीलाबी त्या एकसष्टात होती. मायजवळ निजे. टोचली नसती तं थेबी गेली असती. आता मी तुमच्या पाया पडू का जोडे मारू, तुमीच सांगा.

मास्तर : जोडे मारा.

किसनराव : त्यानं काय होते?

मास्तर : हा कागद मी फाडतो. 'गावाचा पूर्ण पाठिंबा आहे' असं झोकात लिहून ठेवलं होतं. नव्यानं लिहितो. काय लिहू, तुम्ही सांगा.

किसनराव : मले काई सुचत नाई आता.

रुख्माबाई : मी सांगू का? बाईचं चालते?

मास्तर : सांगा.

रुख्माबाई : लिवा, रोग लपवू नाई हे बराबर आहे. माह्याएवढं कोनाले समजन ते? पन दारावर निंब दिसला तं समजा, त्या घरानं खबर देल्ली. मंग टोचनारा पाठवा, दवा पाठवा, आजूबाजूच्याले सांगा. पन लेकराले मायपासून नेऊ नका. नेनार नाई म्हना, मंग कोनतीच बाई निंब काढनार नाई.

मास्तर : सरकार हे कितपत मनावर घेईल, सांगता येत नाही.

किसनराव : सरकारचं सरकार पाह्यन. तुमी लिवा. अन् मी सही करन्याआंधी पूरा कागद मले द्या. मी माह्या डोळ्यानं वाचतो.

मास्तर : घ्या.

किसनराव : हं. आना. ही झाली सही. वयनी, एक सांगतो. माह्या लेकाले आज मी सांगीन. थो माह्यासारखा बसून आयकनार नाई. काई दिवस त्याच्या नजरेसमोर येजा नका.

रुख्माबाई : नाई येनार.

किसनराव : अन् तुमच्या घरचं पानी माह्या घशाखाली उतरनार नाई. पुढचं मले माहीत नाई. आज तं नाई.

रुख्माबाई : बराबर आहे तुमचं.

किसनराव : मास्तर, दुसरा कागद घ्या. पुलगावले चिठ्ठी लिवाची आहे. वासुदेवरावले.

मास्तर : मायना काय घालू?

किसनराव : मायना कायले? राम राम म्हना, बस. लिवा. नलूनं तुमच्या घरून काई आनलं नव्हतं. रोग आमच्या गावात होता, आमच्याच गावानं तिले देल्ला. मी तुमाले तीनदा शिवेवरून परतवलं. आता या, अन् नातीले पोटाशी धरा.

मास्तर : "...नातीला पोटाशी धरा." लिहिलं. खाली किसनराव पाटील, एवढंच घालू?

किसनराव : पयले तुमचं नाव घाला. चावडीवर वाचनारा, म्हना. मंग माह्यं. वाटी देऊन धाडनारा.

मास्तर : घातलं.

रुख्माबाई : माह्या अंगठ्यापुरती जागा ठेवा, मास्तर.